यादी मागता, मग मतही द्या

प्रति,
अध्यक्ष, सचिव आणि सर्व विश्वस्त,

शालोम.

सुक्कोथचा सण संपला त्या आठवड्यात आपण सिनेगॉगच्या फलकावर एक सूचना लावली. महिला मंडळाला ती वेगळी पाठवलेली नव्हती. शब्बाथच्या प्रार्थनेनंतर, बायका बसतात त्या गॅलरीतून खाली उतरताना दिसली, म्हणून आम्ही ती वाचली. तिच्यात चार गोष्टी आहेत. गरजू कुटुंबांच्या मदतीसाठी नवी समाजसेवा समिती नेमली आहे आणि तिचे सगळे सभासद पुरुष आहेत. मंडळाने आजवर सांभाळलेला मदतनिधी आणि मदत घेणाऱ्या कुटुंबांची यादी या समितीकडे सोपवायची आहे. मंडळाची खोली हनुक्काच्या सणानंतर रिकामी करायची आहे, कारण ती भाड्याने द्यायची ठरली आहे. आणि शेवटी, महिलांनी सणासमारंभांच्या खानपानाची जबाबदारी पूर्वीप्रमाणेच उत्साहाने पार पाडावी, अशी विनंती आहे.

विनंतीबद्दल आभार. बाकीच्या तीन गोष्टी आम्हाला मान्य नाहीत. तसे आम्ही कार्यालयात लेखी कळवले, पोच घेतली. उत्तर आले नाही. अध्यक्षांना जिन्यात गाठून विचारले तेव्हा ‘बघू’ म्हणाले. म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे. त्यात ट्रस्टचे नाव मुद्दाम घातलेले नाही. ज्यांना समजायचे त्यांना ते समजेल, आणि हे दुखणे एकाच ट्रस्टचे किंवा एकाच धर्माचे आहे असे मला वाटत नाही. देवळाच्या, दर्ग्याच्या, चर्चच्या कमिटीत बसणाऱ्यांनीही हे वाचले तर माझी हरकत नाही.

मी कोण, हे आपल्यातल्या बहुतेकांना ठाऊक आहे. काहींच्या लग्नात नवरीच्या हाताला मीच मेंदी लावली आहे. तरी या कामात मी का पडले ते सांगते. १९८२च्या गिरणी संपात माझ्या वडिलांची नोकरी गेली. ते जॉबर, म्हणजे गिरणीतले मुकादम, होते, पुन्हा कधी गिरणीत पाऊल ठेवायला मिळाले नाही. तरीही माझी कॉलेजची फी भरली गेली, आणि ती कोणी भरली याबद्दल घरात कधी अवाक्षर निघाले नाही. पुढे बँकेत लागले, लग्न झाले, मंडळात जाऊ लागले, तेव्हा एकदा जुन्या वह्या चाळताना त्या वर्षाचे पान हाती लागले. जांभळ्या शाईत लिहिले होते, ‘विद्यार्थिनी, फी’, आणि पुढे रक्कम. माझे नाव नव्हते, पैसे देणाऱ्या बाईचेही नव्हते. ती कोण हे मला आजतागायत ठाऊक नाही. रस्त्यात, लग्नात, मयतीत ती मला भेटत असेल, मी तिला ‘काय मावशी, बरी आहेस ना’ म्हणत असेन, आणि तिने मला एकदाही जाणवू दिले नसेल. तुम्ही मागताय ती यादी मी का देणार नाही, याचे अर्धे उत्तर त्या पानात आहे.

उरलेले अर्धे सांगण्याआधी सूचनेतल्या एका वाक्याबद्दल बोलते. ‘यापुढे महिलांनाही समाजकार्यात सामावून घेण्याचा ट्रस्टचा मानस आहे.’ सामावून कोण कोणाला घेतो आहे? मुंबईत बेने इस्रायल, म्हणजे आपल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजाचे, स्त्री मंडळ १९१३ साली स्थापन झाले. मुंबई प्रांतात बायकांना मताचा अधिकार मिळाला तो त्यानंतर, १९२१ साली. आपल्या शहरातल्या ज्यू बायका त्याही आधीपासून चार भिंतींबाहेर काम करत होत्या. बगदादी ज्यू घराण्यातल्या फ्लोरा ससून यांनी १८९४ साली पती वारल्यावर मुंबईतली पेढी स्वतः चालवली, आणि लोक साथीच्या रोगावरच्या हाफकिनच्या लशीला घाबरत होते तेव्हा ती स्वतःच्या दंडावर टोचून घेतली. रेबेका रूबेन १९०५ साली मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिल्या आल्या. कुठेही मोठी नोकरी मिळाली असती, पण १९२२पासून जवळजवळ तीन दशके त्यांनी माझगावच्या आपल्या शाळेत घालवली. तुमच्यातल्या कितीतरी जणांचे आईवडील त्या शाळेतून वर आले.

डॉ. जेरुशा झिराड यांचे नाव तर तुम्ही प्रत्येक भाषणात घेता. पद्मश्री १९६६, हे वाक्य ठरलेलेच. त्यांनी काय केले हे मात्र भाषणात येत नाही. कामा हॉस्पिटलची धुरा सांभाळताना त्या नुसती बाळंतपणे करून थांबल्या नाहीत. या शहरात बाळंतपणात बायका मरतात त्या का मरतात, याची त्यांनी पाहणी केली आणि १९४१ साली तिचा अहवाल निघाला. एक बाई वाचवणे ही सेवा झाली. बायका मरतात का, हा प्रश्न सरकारच्या टेबलावर नेऊन ठेवणे हे त्याच्या पुढचे काम आहे, आणि ते करायला अधिकाराची जागा लागते. त्याच झिराडबाई १९२५ साली, आपल्या बहिणीसह, ज्यूइश रिलिजियस युनियन या सुधारणावादी ज्यू संघटनेच्या स्थापनेत पुढे होत्या. म्हणजे धर्माच्या कारभारातही बाईने बोलावे, हे मुंबईच्या ज्यूंना शंभर वर्षांपूर्वी पटलेले होते, निदान काहींना तरी.

आणखी एक नाव, जे तुमच्या भाषणात कधीच येत नाही. मीरा महादेवन. जन्माने आपल्यातल्याच, मूळ नाव मिरियम. १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, दिल्लीत राजघाटाजवळ बांधकाम चालू होते. घमेली वाहणाऱ्या मजूर बायांची तान्ही पोरे तिथे धुळीत पडलेली त्यांनी पाहिली आणि तिथेच तंबूत पाळणाघर सुरू केले. त्यातून मोबाइल क्रेशेस ही संस्था उभी राहिली, पुढे ते काम मुंबईतही आले. ती मुले ज्यू नव्हती. त्यांच्या आयांनी हा शब्दही ऐकला नसेल. मीराबाईंनी कोणाच्या समितीची वाट पाहिली असती, तर इमारत बांधून पूर्ण झाली असती आणि पोरे दुसऱ्या बांधकामावर, दुसऱ्या धुळीत गेली असती.

आता यादीकडे येते, कारण खरा तिढा तिथे आहे.

तुमच्या समितीने एक फॉर्म छापला आहे. नाव, पत्ता, उत्पन्नाचा दाखला, फोटो. मदत घेणाऱ्याने दर महिन्याला कार्यालयात स्वतः यायचे, रजिस्टरवर सही करायची, आणि वर्षाच्या शेवटी अहवालात ‘लाभार्थी’ म्हणून त्याचे छायाचित्र छापून यायचे. परदेशातल्या देणगीदारांना पुरावा लागतो, असे सचिवांनी एकीला सांगितले. देणगीदाराला हिशोब दाखवायला आमची ना नाही. पण माणूस दाखवायचा?

आज आपल्या समाजात मदत लागते ती कोणाला, हे एकदा समजून घ्या. १९४८नंतर वीस हजारांच्या घरातला आपला समाज हळूहळू इस्रायलला गेला. आता देशात काही हजार उरलो आहोत. मुले अश्दोदला, दिमोनाला, लोदला, आणि इथे मागे राहिलेली आई नाहीतर बाप, दोन खोल्यांत एकटा. पैशाची अडचण असतेच असे नाही. मुलगा पैसे पाठवतो, पण बँकेत जाऊन काढणार कोण? जिना उतरवत नाही, अंगठ्याचा ठसा मशीन घेत नाही, म्हणून हयातीचा दाखला अडतो. मोतीबिंदूचे ऑपरेशन ठरते, पण घरी न्यायला ‘जवळचा नातेवाईक’ लागतो आणि जवळचा नातेवाईक चार हजार किलोमीटर लांब असतो. मग त्या कागदावर आमच्यातली कोणीतरी सही करते, नाते ‘भाची’ असे लिहून. अशा भाच्या आम्ही पुष्कळ जणी आहोत.

आणि काही घरे अशी आहेत जिथे खरोखरच चूल अडते. त्यांतल्या एका घराबद्दल सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. बाई एके काळी दहा माणसांना जेवू घालणारी. आता औषधाला पैसे नाहीत, पण ते शेजारणीला कळले तर ती औषध सोडेल, अशा स्वभावाची. तिच्याकडे आम्ही मलिद्याचे, म्हणजे आभाराच्या प्रसादाचे, ताट घेऊन जातो. आपल्याकडे कोणाच्या ना कोणाच्या घरी मलिदा असतोच, नवस फिटलेला असतो, मुलाचे बारसे असते. वर गोड पोहे, ओल्या नारळाचा चव, केळी, खजूर, सफरचंदाच्या फोडी. ताटावर क्रोशाचा रुमाल. आणि पिशवीच्या तळाशी महिनाभराच्या गोळ्या. शेजारच्या दाराला फक्त ताट दिसते. बाई ताट घेते, एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याचे नाव घेते, ‘बस, चहा टाकते’ म्हणते. रिकामे ताट परत देताना त्यात चिमूटभर साखर घालते, कारण ताट रिकामे परत करायचे नसते. गोळ्यांबद्दल दोघीही बोलत नाहीत. या बाईला तुम्ही फॉर्म भरायला लावणार?

हा आमचा हट्ट नाही, आपल्याच धर्माने घालून दिलेली रीत आहे. थोर ज्यू धर्मपंडित रंबामने बाराव्या शतकात दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. सगळ्यात खाली कुरकुरत देणारा. सगळ्यात वर, माणसाला स्वतःच्या पायावर उभे करणारा. आणि त्याच्या लगेच खालची पायरी अशी, की देणाऱ्याला घेणारा माहीत नाही आणि घेणाऱ्याला देणारा माहीत नाही. मिश्ना या आपल्या जुन्या धर्मशास्त्रात तर जेरुसलेमच्या मंदिरातल्या एका खोलीचा उल्लेख आहे. पापभीरू माणसे तिथे गुपचूप दान ठेवायची आणि चांगल्या घरातले, पण दिवस फिरलेले लोक ते गुपचूप न्यायचे. हे तुम्हाला मी सांगावे, असे नाही. तुम्ही माझ्यापेक्षा जास्त शिकलेले आहात. पण मग फोटोचा रकाना कोणाच्या डोक्यातून आला?

तेव्हा यादी मिळणार नाही. निधीचा पैन् पै हिशोब दरवर्षी ट्रस्टच्याच ऑडिटरकडे जातो, यंदाही जाईल. घर क्रमांक एक, दोन, तीन असे लिहून रकमा देऊ. ऑडिटरने हवे तर एखादे घर निवडावे, नाव गुप्त ठेवण्याची हमी द्यावी, आम्ही त्याला तिथे घेऊन जाऊ. गेली कित्येक वर्षे त्याची काही तक्रार नव्हती.

दुसरी गोष्ट तुमच्या सूचनेत नाही, कारण ती कोणाच्या लक्षातच येत नाही. समाजात बाई वारली की तिला अंघोळ घालायला आम्ही जातो. वेळ ठरलेली नसते, पाऊस असतो, लोकल बंद असते. कफन आम्हीच शिवतो. पांढरे सुती कापड, लांब सैल टाके, दोऱ्याला शेवटी गाठ मारायची नाही, खिसा ठेवायचा नाही. नव्या मुलींना सगळ्यात जड जाते ते गाठ न मारणे; हात सवयीने गाठ मारतोच, मग उसवायचे. अंघोळ घालताना एका वेळी अंगाचा लागेल तेवढाच भाग उघडा करायचा, बाकी चादरीखाली, आणि तिच्या अंगावरून काही कोणाला द्यायचे-घ्यायचे नाही. करोनाच्या साथीत हे करायला परवानगीच नव्हती. प्लास्टिकच्या पिशवीतून बाया गेल्या, आणि त्यांच्या लेकींचे फोन परदेशातून आम्हाला येत होते, ‘कोणीतरी होतं ना गं तिच्याजवळ?’ त्या फोनला काय उत्तर द्यायचे ते आम्ही दिले. त्या महिन्यांत समितीतले कोण कुठे होते हे मी विचारत नाही. सगळेच घाबरलेले होते, आम्हीही होतो. मे २०२०मध्ये नाशिक हायवेने चालत निघालेल्या मजुरांसाठी पोळीभाजीची पाकिटे बांधत होतो तेव्हाही घाबरलेलोच होतो. त्या पाकिटांवर कोणी आपला धर्म लिहिला नव्हता.

एवढे विश्वासाचे काम ज्यांच्या हाती, त्यांना ट्रस्टच्या सभेत बसता येत नाही. शेवटच्या अंघोळीला हात चालतात, ठरावाला मात्र चालत नाहीत.

खोलीचे म्हणाल तर तुमची अडचण मला कळते. छप्पर गळते आहे. वॉचमनचा पगार आहे. आठवड्याच्या मधल्या दिवशी मिन्यानला, म्हणजे सामूहिक प्रार्थनेला लागणारे, दहा पुरुष जमवताना हझानची, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्याची, दमछाक होते, वर्गणी कुठून येणार? भाडे मिळाले तर हवेच आहे. पण त्या खोलीत काय आहे हे पाहायला कोणी आत तरी आले का? दोन व्हीलचेअर, वॉकर, कमोडची खुर्ची, २०२१ साली वर्गणी काढून घेतलेले ऑक्सिजन मशीन. शिवणयंत्र. किद्दुशच्या, म्हणजे शब्बाथच्या आशीर्वादाच्या, सरबतासाठी काळ्या मनुका भिजवायची मोठी पातेली आणि गाळायची फडकी. आणि लोखंडी कपाटात मंडळाच्या मराठी वह्या, ज्यांच्या कडा आता हात लावला की झडतात. व्हीलचेअर कोणाच्या तरी घरी ठेवता येतील. वह्या कुठे ठेवायच्या? या समाजाच्या बायकांनी आपल्या हस्ताक्षरात लिहिलेले दुसरे काही आपल्याकडे नाही. पुरुषांचा इतिहास संगमरवरावर कोरलेला आहे, दारातून आत येतानाच दिसतो.

जागा द्यायचीच असेल तर आधी आमच्याशी बोला. तळमजल्यावरची अर्धी खोली चालेल. वरच्या मजल्यावर मात्र नको. तिथे व्हीलचेअर चढवायची कशी?

खानपानाचा मुद्दा मी सोडून देणार होते, पण मंडळातल्या तरुण मुली सोडायला तयार नाहीत, आणि त्यांचे बरोबर आहे. १८९३ साली शिकागोला सर्वधर्म परिषद भरली. आपल्याकडे ती विवेकानंदांच्या भाषणामुळे घराघरांत माहीत आहे. त्याच परिषदेच्या वेळी हॅना सॉलोमन नावाच्या शिकागोच्या ज्यू बाईवर तिथल्या ज्यू बायकांचा सहभाग जुळवून आणायची कामगिरी होती. पुरुषांच्या समितीने कार्यक्रम आखला, पण बायकांना व्यासपीठावर जागाच ठेवली नाही. आल्यागेल्याची सरबराई तेवढी करा, असे त्यांचे म्हणणे पडले. हॅनाबाईंनी नम्रपणे नकार दिला, बायकांची वेगळी परिषद भरवली, आणि तिच्यातूनच नॅशनल कौन्सिल ऑफ ज्यूइश विमेन उभी राहिली. तिकडे बोटीतून उतरणाऱ्या एकट्या-दुकट्या ज्यू मुलींना कोणी फसवून नेऊ नये, यासाठी त्या संघटनेच्या बाया बंदरावर उभ्या राहिल्या. तेव्हा सरबराईचा निरोप काही नवीन नाही, सव्वाशे वर्षांहून जुना आहे.

आता तुम्ही म्हणाल, हे धर्माचे आहे. मिन्यानमध्ये बाई मोजायची की नाही, सेफेर तोरा, म्हणजे धर्मग्रंथाची गुंडाळी, कोणी उचलायचा, कोणी कुठे बसायचे, हे प्रश्न मी या पत्रात काढलेले नाहीत. त्यांवर माझे मत आहे, पण ते हझान आणि जाणत्या लोकांशी वेगळे बोलेन. ट्रस्टचा कारभार ही वेगळी बाब आहे. वॉचमन नेमणे, छपराचे कंत्राट देणे, भाडेकरू ठरवणे, निधी वाटणे, यांतल्या कशाला मिन्यान लागत नाही. आपला ट्रस्ट महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५०खाली नोंदलेला आहे. त्या कायद्यात विश्वस्त पुरुषच हवा असे कुठेही नाही. आहे ते आपल्या जुन्या घटनेत, ‘प्रौढ पुरुष सभासद’ एवढ्या शब्दांत. ती बदलता येते. सभेत ठराव करून धर्मादाय आयुक्तांपुढे जायचे, योजनेत बदल मागायचा. कलम ५०-अ त्यासाठीच आहे. नवे विश्वस्त आले की नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट द्यायचा. या कामासाठी वकील आम्ही शोधू. ती मंडळाचीच सभासद आहे आणि फी घेणार नाही.

वकिलावरून आठवले. १९१६ साली कलकत्त्यात रेजिना गुहा या ज्यू मुलीने कायद्याची पदवी घेऊन वकिलीच्या सनदेसाठी अर्ज केला. हायकोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी कायदा वाचून सांगितले, यात बाई बसत नाही. सात वर्षांनी, १९२३ साली, कायदाच बदलावा लागला. आपल्या घटनेतले ते शब्द त्याच काळातले आहेत. कायदा पुढे गेला, ते तसेच राहिले.

दरवर्षी तुम्ही १९६४चा लढा अभिमानाने सांगता. इस्रायलला गेलेल्या आपल्या लोकांच्या लग्नाआधी त्यांच्या आजी-पणजीपर्यंतची कुळी तपासायचा आदेश तिथल्या मुख्य रब्बींनी काढला होता. आपल्या माणसांनी जेरुसलेममध्ये धरणे धरले, आणि ऑगस्टमध्ये तिथल्या संसदेला ठराव करावा लागला की बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यू आहेत, इतरांच्या बरोबरीचे आहेत. ‘आम्हाला मोजणारे तुम्ही कोण,’ असे आपण तेव्हा विचारले होते. मी लहानपणापासून ही गोष्ट ऐकत आले आहे, आणि दरवेळी अंगावर काटा येतो. आज तोच प्रश्न गॅलरीतून खाली विचारला जातो आहे तर तुम्हाला तो उद्धटपणा का वाटतो, हे मला कळत नाही.

मागण्या सांगते. समाजसेवा समिती बरखास्त करू नका, पुरुष कामाला येत असतील तर हवेच आहेत. रात्री हॉस्पिटलमध्ये झोपायला, ऑक्सिजन मशीन जिन्यावरून चढवायला माणसे कमीच पडतात. पण त्या समितीत निम्म्या जागा महिला मंडळाने निवडलेल्या बायकांच्या असाव्यात, आणि अध्यक्षपद आळीपाळीने. फॉर्म रद्द करा. मदत घेणाऱ्याचे नाव, फोटो, पत्ता कोणत्याही अहवालात, व्हॉट्सअॅप ग्रुपवर किंवा फलकावर येणार नाही, असा लेखी ठराव करा. निधीचे खाते मंडळाच्या दोन आणि ट्रस्टच्या एका सहीने चालावे. खोलीबाबत पर्यायी जागा ठरेपर्यंत काही हलवू नका, आणि वह्या स्कॅन करून घ्यायचा खर्च ट्रस्टने उचलावा. तो तुमच्या एका वर्धापनदिनाच्या मंडपापेक्षा कमी येईल. कफनाचे कापड, रिक्षा, टॅक्सी यांवर आजवर प्रत्येकीने पदरमोड केली, यापुढे त्याची पावती ट्रस्टने मान्य करावी. आणि सगळ्यात मुख्य, घटनेतला ‘पुरुष’ शब्द काढण्याचा ठराव येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घ्या. त्या सभेला आम्ही येणार आहोत. मत नाही म्हणून गॅलरीत बसवलेत तरी येऊ, पण प्रश्न वरूनच विचारू.

यांतली एकही मागणी आजची नाही. मंडळातल्या वडीलधाऱ्या बायका सांगतात, असे अर्ज त्यांच्याही काळात गेले होते. त्यांना वाटाण्याच्या अक्षता मिळाल्या आणि त्या गप्प बसल्या, कारण भांडले तर काम थांबेल अशी धास्ती होती. काम थांबणार नाही, एवढे मी मंडळाच्या वतीने स्पष्ट लिहून देते. औषधे वेळेवर जातील, मयतीला आम्ही येऊ, ज्यांच्या घरी जातो त्यांच्या घरी जात राहू. फक्त हनुक्काच्या कार्यक्रमाचे जेवण यंदा आम्ही करणार नाही. ते आधीच सांगते आहे, म्हणजे ऐन वेळी खोळंबा नको. अडीचशे माणसांचा अंदाज धरा, सामिष आणि दुधाचे एकत्र येऊ देऊ नका, आणि स्वयंपाक्याला कांदे आदल्या दिवशी चिरून ठेवायला सांगू नका, ते कडवट लागतात.

लेखी उत्तर कार्यालयाच्या फलकावर लावले तरी चालेल. आम्ही उतरताना वाचतोच.

आपली नम्र,
महिला मंडळाची एक कार्यकर्ती
मुंबई